आईवडिलांसाठी करून ठेवलेले जेवण : गोठवण्याआधीचे दोन तास आणि गरम करतानाची उकळी

तुम्ही लिहिले आहे की तुमचे आईवडील नाशिकला दोघेच राहतात. वडील 78 वर्षांचे आहेत, आई 73 वर्षांच्या आहेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना ओट्याशी फार वेळ उभे राहवत नाही. तुम्ही दर दुसऱ्या शनिवारी ठाण्याहून जाता, संध्याकाळी चार-पाच पदार्थ मोठ्या पातेल्यांत करता, ते रात्रभर ओट्यावर निवू देता, रविवारी सकाळी डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवता आणि दुपारी परतता. आई रोज सकाळी एक डबा बाहेर काढून ठेवतात आणि जेवायच्या वेळी कोमट करून वाढतात. गेल्या दोन महिन्यांत वडिलांचे पोट दोनदा बिघडले, म्हणून तुम्ही विचारले आहे की कोणता पदार्थ फ्रीझरमध्ये किती दिवस टिकतो, भात आणि पोळ्या गोठवाव्यात का, ठाण्याहूनच करून नेले तर चालेल का आणि वीज गेली तर काय करावे.

मी पंधरा वर्षे अन्नविज्ञान शिकवले आणि त्यानंतर गेली अकरा वर्षे पुण्यात ज्येष्ठ नागरिकांना घरपोच जेवण देणारे एक छोटे स्वयंपाकघर चालवते. त्यातले निम्मे जेवण गोठवलेले असते. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या प्रश्नांपैकी ‘किती दिवस टिकतो’ हा सर्वांत कमी काळजीचा प्रश्न आहे. उणे 18 अंश सेल्सिअसला जिवाणूंची वाढ पूर्णपणे थांबते. तीन महिन्यांनी काढलेली आमटी चवीला उतरलेली असेल, तिचा रंग फिका पडला असेल, पण आत ठेवताना ती निर्दोष असेल तर तिने कोणी आजारी पडणार नाही. मात्र थंडीने जिवाणू मरत नाहीत, ते नुसते थांबून राहतात, आणि जो पदार्थ आत जातानाच बिघडायला लागलेला असतो तो महिन्याभराने तितकाच बिघडलेला बाहेर येतो. वडिलांचे पोट नेमके कशाने बिघडले हे मी इथून सांगू शकत नाही. दोनदा झाले आहे तर डॉक्टरांना दाखवाच. पण तुम्ही सांगितलेल्या पद्धतीत दोन जागा अशा आहेत की त्या मला आजच्या आज बदलायला हव्या आहेत. पहिली म्हणजे शनिवारची रात्र आणि दुसरी म्हणजे आईंचे ते सकाळी काढून ठेवणे व कोमट करणे.

शनिवारच्या रात्रीपासून सुरुवात करते. आपल्या सगळ्यांच्या मनात एक समजूत पक्की असते की पदार्थ खदखदून उकळला म्हणजे त्यातले सगळे जंतू मेले, आता झाकून ठेवला की सकाळपर्यंत काही होत नाही. उकळीने बहुतेक जिवाणू मरतात हे खरे आहे, पण काही जिवाणू बीजाणूंच्या रूपात, म्हणजे जाड कवचाच्या बीसारखे, उकळत्या पाण्यातही टिकून राहतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा त्यांपैकी एक आहे. तो मातीत असतो, मसाल्यांवर असतो, मांसात तर बऱ्याचदा असतो. पदार्थ निवू लागला की या बिया उगवतात, आणि 43 ते 47 अंशांच्या उबेत त्यांची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. मोठ्या पातेल्यातल्या दाट पदार्थाच्या पोटात ही ऊब कित्येक तास टिकते, शिवाय उकळल्यामुळे तिथली हवा निघून गेलेली असते आणि या जिवाणूला हवा नकोच असते. दुसरा बॅसिलस सिरियस. तो तांदळात आणि इतर धान्यांत असतो, आणि भात बाहेर राहिला तर त्यात जे विष तयार करतो ते नंतर कितीही उकळले तरी जात नाही. तिसरा, स्टॅफिलोकोकस ऑरियस, आपल्याच नाकात आणि हातावरच्या जखमांत राहतो. त्याचे विषही उकळीला दाद देत नाही. म्हणून बोटाला कापले असेल तर त्या दिवशी निवलेले पदार्थ हाताळताना हातमोजा घालावा, आणि पोळ्यांची चळत उघड्या हाताने पुन्हा पुन्हा चाळू नये.

हे मी पुस्तकातून शिकवत होते तेव्हा मलाही त्याची धग लागली नव्हती. स्वयंपाकघर सुरू केल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी सहा वाजता आम्ही मुगाची मऊ खिचडी एका खोल पातेल्यात, साधारण वीतभर उंचीपर्यंत, झाकून तशीच फ्रिजमध्ये ठेवली. रात्री दहा वाजता मी सहज तिच्या मधोमध तापमापकाची सळई खुपसली. वरचा थर हाताला गार लागत होता, कडेला पातेले थंडगार होते, आणि मधे काटा 46 अंशांवर होता. चार तास फ्रिजमध्ये राहूनही ती खिचडी मधून अगदी त्या जिवाणूला हवी तितकी उबदार होती. आम्ही सगळी फेकून दिली. तीच खिचडी दुसऱ्या दिवशी दोन बोटे उंचीच्या पसरट स्टीलच्या ताटांत पसरली, तेव्हा पंख्याखाली आणि मग फ्रिजमध्ये दीड तासात ती मधूनही 10 अंशांच्या खाली आली. दाट पदार्थाची जाडी दुप्पट केली की तो निवायला दुप्पट नव्हे तर जवळजवळ चौपट वेळ लागतो, हे तुम्ही एवढे एक लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

त्यामुळे नियम असा धरा की पदार्थ गॅसवरून उतरल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये गेला पाहिजे, आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत, स्वयंपाकघरात 32 अंशांहून जास्त उकाडा असेल तर एका तासात. जागतिक आरोग्य संघटना शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असेच सांगते. व्यावसायिक स्वयंपाकघरांसाठी अमेरिकेच्या फूड कोडमध्ये याहून नेमके मोजमाप आहे: पदार्थ 57 अंशांवरून 21 अंशांवर दोन तासांत आणि तिथून 5 अंशांवर पुढच्या चार तासांत आला पाहिजे. घरी तापमापक घेऊन बसायची गरज नाही, पण पद्धत मात्र बदलावी लागेल. आमटी, उसळ, रस्सा असे पातळ पदार्थ असतील तर मोठ्या परातीत किंवा सिंकमध्ये गार पाणी आणि बर्फाचे दोन ट्रे टाका, त्यात पातेले ठेवा आणि स्वच्छ डावाने दर दोन-तीन मिनिटांनी ढवळत राहा. तीन लिटर आमटी अर्ध्या तासात हाताला कोमटही लागणार नाही इतकी उतरते. कोरडी भाजी, पुरण, खिचडी असे दाट पदार्थ ताटांत पसरा. झाकण पूर्ण लावू नका, वाफ जाऊ द्या, पण माशी आणि धुरळा येणार नाही अशी जाळी किंवा पातळ फडके वर घाला.

‘गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये’ हे आईंनी तुम्हाला शिकवले असेल, मलाही माझ्या आईने तेच शिकवले होते, आणि लहान, जेमतेम थंड करणाऱ्या जुन्या फ्रिजच्या काळात त्यात अर्थ होता. वाफाळते पातेले आत ठेवले तर शेजारचे दूध-दही गरम होते हे आजही खरेच आहे. पण कोमट झालेला, पसरट डब्यातला पदार्थ आत ठेवल्याने आजच्या फ्रिजला काही होत नाही, आणि तो पूर्ण गार होण्याची वाट पाहत ओट्यावर ठेवण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे. शनिवारी तुम्ही दमलेल्या असता आणि रात्री अकरा वाजता डबे भरायची ताकद उरत नाही हे मी समजू शकते. मग स्वयंपाक शनिवारी संध्याकाळी करूच नका. तयारी शनिवारी करा, कडधान्ये भिजत घाला, कांदे-टोमॅटो चिरून ठेवा, आणि शिजवणे रविवारी सकाळी सहा ते नऊ या वेळात करा. साडेदहापर्यंत सगळे निवून डब्यांत जाते. चार-पाच पदार्थांऐवजी तीन केलेत तरी चालेल.

आता फ्रीझरविषयी. नाशिकचा फ्रिज एकदारी आहे की दोनदारी हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि उत्तर पुष्कळसे त्यावर अवलंबून आहे. एकदारी फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा बर्फ जमवतो म्हणून तो उणे 18 अंशांचा असतोच असे नाही. अनेकदा तो उणे 6 ते उणे 10 च्या आसपास असतो आणि दार उघडले की आणखी चढतो. अशा कप्प्यात शिजलेले जेवण मी आठवड्याच्या वर ठेवणार नाही. इथे एक गैरसमज मला वारंवार भेटतो. फ्रिजच्या दारावर चिकटवलेले विजेच्या बचतीचे तारे हे केवळ वीज किती लागते ते सांगतात; फ्रीझर किती थंड आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. काही फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यावर वेगळ्या चांदण्या छापलेल्या असतात. त्यांत एक चांदणी म्हणजे उणे 6, दोन म्हणजे उणे 12 आणि तीन म्हणजे उणे 18 अंश. छापलेले काही नसेल तर फ्रीझरमध्ये ठेवायचा तापमापक काही शे रुपयांत मिळतो. तो डब्यांच्या मधे रात्रभर ठेवून सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. फ्रिजच्या खालच्या भागात तापमान 5 अंशांच्या आत आहे का, हेही त्याच तापमापकाने पाहून घ्या, कारण वयस्क माणसांच्या बाबतीत ते फ्रीझरइतकेच महत्त्वाचे आहे. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या गारव्यातही हळूहळू वाढतो, आणि साठीनंतर, विशेषतः आम्लपित्तासाठी रोज गोळी घेणाऱ्यांना, पोटातले आम्ल कमी झाल्यामुळे असे संसर्ग लवकर होतात. वडील अशी गोळी घेत असतील तर मी पुढे सांगितलेले दिवस आणखी काटेकोरपणे पाळा.

एका वेळी सहा-सात किलो जेवण फ्रीझरमध्ये कोंबू नका. घरगुती फ्रीझरला इतका भार एकदम गोठवता येत नाही, आतले तापमान चढते, आधीचे डबे अर्धवट वितळतात आणि नवे मधून रात्रीपर्यंत मऊच राहतात. दोन-अडीच किलो एका वेळी, तेही आतल्या गार भिंतीला टेकवून, डब्यांमध्ये हवा खेळायला बोटभर फट सोडून ठेवा. उरलेले तोवर खालच्या भागात ठेवून सहा-सात तासांनी आत हलवा. पहिल्या दोन दिवसांचे जेवण तर गोठवूच नका, ते खालच्या भागातच ठेवा. शिजलेला पदार्थ खाली तीन दिवस, वयस्कांसाठी मी दोन दिवस म्हणेन; त्यापुढे लागणारे सगळे पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये गेले पाहिजे. तिसऱ्या दिवशी ‘आता संपणार नाही’ म्हणून उरलेली भाजी फ्रीझरमध्ये टाकणे हा वाचवण्याचा मार्ग नव्हे.

डबा किती मोठा असावा हे मी आग्रहाने सांगते, कारण निम्म्या चुका मोठ्या डब्यातून जन्माला येतात. एक डबा म्हणजे दोघांचे एका वेळचे जेवण, त्याहून अधिक नाही. मोठा डबा सोडवला, म्हणजे वितळवला, की उरलेले परत आत जाते, पुन्हा निघते, पुन्हा कोमट होते. चार-पाच सेंटिमीटर उंचीचे चपटे स्टीलचे डबे सर्वांत उत्तम, कारण स्टील लवकर थंड होते आणि ओट्यावर आपटून फुटत नाही. ते फक्त मायक्रोवेव्हमध्ये जात नाहीत. मायक्रोवेव्ह वापरत असाल तर त्यासाठी बनवलेले जाड प्लास्टिकचे किंवा काचेचे डबे घ्या, आणि हॉटेलातून पार्सल आलेले पातळ डबे मात्र परत परत वापरू नका. पातळ पदार्थ गोठताना फुगतो, कारण पाण्याचा बर्फ होताना आकार सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतो. म्हणून डबा काठोकाठ भरू नये, बोटभर जागा सोडावी, नाहीतर काच तडकते. झिपच्या जाड पिशव्या आडव्या, पाटीसारख्या चपट्या गोठवल्या तर जागाही वाचते आणि सुटतातही लवकर. प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून मोठ्या ठळक अक्षरांत पदार्थ, केल्याची तारीख आणि ‘खळखळून उकळणे’ हे दोन शब्द लिहा. आईंना चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजे, इतके मोठे.

काय गोठवावे याविषयी माझे मत स्पष्ट आहे. गोठवण्यासाठी आपल्या स्वयंपाकात सर्वांत गुणी म्हणजे उसळी आणि आमट्या. मटकी, चवळी, राजमा, छोले, मसुराची आमटी, डाळ-पालक, अळूची पातळ भाजी हे सगळे दोन महिने चवीला चांगले राहते. पुरण उत्तम राहते. अळूवडीचे आणि कोथिंबीरवडीचे उकडलेले उंडे अख्खे गोठवावेत आणि लागतील तेव्हा कापून तळावेत किंवा परतावेत. आईंना सणासुदीला याचा फार आधार वाटेल. खवलेला नारळ आणि वाटलेला मसाला छोट्या वड्यांसारखा गोठवून ठेवला तर रोजची ताजी भाजीही दहा मिनिटांत होते. शेंगदाण्याचे कूट घातलेले पदार्थ महिन्याभरात संपवा, कारण तेलाचा खवटपणा थंडीतही हळूहळू चढतोच. बटाटा गोठल्यावर भुसभुशीत आणि पाणचट होतो, भेंडी बुळबुळीत होते, दह्याची कढी फुटते, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. हे धोकादायक नाही, पण वडील ताटातले बाजूला सारतील. माशांची आमटी करायची तर नारळाचे वाटण घातलेला रस्सा मासळीशिवाय गोठवा आणि मासळी ताजी आणून त्यात सोडा. फोडणीचा लसूण, हिंग आणि कोथिंबीर यांचा वास फ्रीझरमध्ये मरतो, म्हणून वाढायच्या आधी वरून छोटी फोडणी द्यावी. गोठवलेले जेवण ‘शिळे लागते’ ही तक्रार निम्म्याहून अधिक त्या एका फोडणीने नाहीशी होते.

भाताबद्दल तुम्ही विचारले. गोठवता येतो, परदेशात राहणारी आपली मुले सर्रास तसे करतात, पण तुमच्या घरी त्याची गरज मला दिसत नाही. दोन माणसांचा भात लहान कुकरमध्ये वीस मिनिटांत होतो, त्यात उभे राहणे फार नाही, आणि ताज्या भाताबरोबर गोठवलेली आमटीही ताजी वाटते. तरीही करायचाच असेल तर भात शिजल्याबरोबर ताटात पातळ पसरून, तासाभरात एका वेळच्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि गरम करताना पाण्याचा हबका मारून चांगली वाफ येऊ द्या. रात्री कुकरमध्ये राहिलेला भात सकाळी फोडणीला घालणे मात्र बंद करा. फोडणीच्या भाताशी आपल्या सर्वांच्या आठवणी जोडलेल्या आहेत हे मला ठाऊक आहे. तो करायचा तर भात रात्रीच निववून फ्रिजमध्ये गेलेला असावा. पोळ्या बिनधास्त गोठवा. पूर्ण भाजून, जाळीवर एकेक निववून, मधे बटर पेपर घालून आठ-आठच्या पिशव्या करा, म्हणजे पाहिजे तेवढ्या सुटतात. त्या सोडवत बसायच्या नाहीत. गोठलेली पोळी थेट तापल्या तव्यावर टाकून दोन्ही बाजूंनी भाजायची. भाकरी मात्र गोठवू नका, ती कडक होते आणि तुटते.

आता दुसरी जागा. आईंनी सकाळी आठला ओट्यावर काढलेला डबा दुपारी एकपर्यंत बाहेर राहतो. कडेचा भाग पहिल्या तासातच सुटतो आणि मधला गोळा सुटेपर्यंत कडेला चार तास उबेचे मिळतात. यावर उपाय फार सोपा आहे, आणि तो आईंच्या सवयीतच बसतो: डबा सकाळी ओट्यावर काढण्याऐवजी आदल्या रात्री झोपण्यापूर्वी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटलीत ठेवायचा. चपटा डबा रात्रभरात सुटतो आणि पूर्ण वेळ 5 अंशांच्या आत राहतो. असा सोडवलेला पदार्थ चोवीस तासांत संपवावा. रात्री विसरले तर आमटी-उसळीचा गोळा गोठलेलाच पातेल्यात टाकून, चार चमचे पाणी घालून, झाकून मंद आचेवर सोडवावा. त्यात काहीही वावगे नाही. बाहेर ठेवण्यापेक्षा ते चांगलेच.

कोमट करणे हा शब्द मात्र तुम्ही घरातून काढून टाका. कोमट म्हणजे सुमारे 40 अंश, आणि पदार्थात काही शिरले असेल तर ती ऊब त्याला वाढायला मदतच करते. पुन्हा गरम करताना पदार्थ मधोमध 74 अंशांपर्यंत गेला पाहिजे; जागतिक आरोग्य संघटना किमान 70 अंश सांगते. आईंनी आकडे लक्षात ठेवण्याचे कारण नाही. पातळ पदार्थाला कडेला नव्हे तर मधोमध खळखळून उकळी यावी, मग ढवळावे, पुन्हा उकळी यावी आणि तीन मिनिटे टिकावी. कोरड्या भाजीला झाकण ठेवून वाफ द्यावी, उलटून पुन्हा वाफ द्यावी आणि चमचा मधे खुपसला तर तिथूनही वाफ निघाली पाहिजे. वडिलांना गरम सोसत नसेल तर आधी उकळावे आणि मग ताटात निवू द्यावे, क्रम हाच. मायक्रोवेव्ह पदार्थ एकसारखा तापवत नाही, कडा चटका देणाऱ्या आणि मधला भाग गार असे त्यात नेहमी होते, म्हणून झाकून तापवायचे, मधेच काढून ढवळायचे, पुन्हा तापवायचे आणि दोन मिनिटे तसेच राहू द्यायचे. कुकरमध्ये डबा ठेवून गरम करण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण गोठलेला डबा थेट ठेवला तर शिट्ट्या झाल्या तरी मधे बर्फाचा खडा राहिलेला मी पाहिला आहे. डबा आधी सुटलेला असावा, आणि उघडल्यावर ढवळून मधेही वाफाळते आहे याची खात्री करावी. हॉटपॉट गरम पदार्थ गरम ठेवतो, गार पदार्थ गरम करत नाही. उकळलेलेच त्यात भरावे आणि तासा-दोन तासांत जेवून घ्यावे. एकदा गरम केलेले पुन्हा ठेवू नये. एकाच वेळचा डबा केलात तर ठेवायला उरणारही नाही.

आई ‘वास घेऊन पाहते, चांगला असेल तरच वाढते’ असे तुम्ही लिहिले आहे. नासके आणि आंबलेले नाकाला कळते, कारण ते काम वेगळ्या जिवाणूंचे असते. ज्यांची मला भीती आहे त्यांचा पदार्थाला ना वास येतो ना चव बदलते. अन्न टाकणे ही आईंच्या पिढीला जिवावर येणारी गोष्ट आहे आणि त्यांची ती भावना मोलाची आहे, म्हणून त्यांच्यावर टाकण्याची वेळच येऊ नये अशा बेताने लहान डबे करा.

ठाण्याहून करून न्यायचे असेल तर दोन दिवस आधी करून, दगडासारखे कडक गोठवूनच न्या. ताजे गरम जेवण डब्यात घालून चार तासांचा प्रवास करणे मी टाळेन, कारण कसाऱ्याच्या घाटात वाहतूक अडकली तर चाराचे सहा होतात. थर्माकोलच्या जाड पेटीत डबे फट न ठेवता एकमेकांना चिकटवून रचा, वर-खाली गोठवलेल्या जेलच्या पिशव्या ठेवा, उरलेल्या जागेत वर्तमानपत्र कोंबा, पेटी वाटेत उघडू नका. पोहोचल्यावर डबा दाबून पाहा. कडक असेल किंवा आत बर्फाचे कण दिसत असतील तर फ्रीझरमध्ये ठेवायला हरकत नाही. मऊ झाला आहे पण फ्रिजमधल्यासारखा थंडगार आहे, तर खालच्या भागात ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. हाताला गार लागत नसेल तर तो डबा कोणालाही देऊ नका.

विजेचेही याच हिशेबाने पाहायचे. दार बंद राहिले तर भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास गोठलेला राहतो. एकदारी फ्रिजमधल्या लहान कप्प्यावर मात्र इतका भरवसा ठेवू नका. खालचा भाग चार तासच थंड राहतो, म्हणून वीज गेली की आधी खालचे जेवण संपवायचे आणि फ्रीझरचे दार उघडून पाहायचा मोह टाळायचा. फ्रीझर रिकामा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून ठेवा. तुम्ही ठाण्यात असताना रात्री किती वेळ वीज गेली होती हे आईवडिलांना कळेलच असे नाही, म्हणून एक स्टीलची वाटी पाण्याने भरून गोठवा, वर एक रुपयाचे नाणे ठेवा आणि ती फ्रीझरच्या कोपऱ्यात कायम राहू द्या. आईंनी रोज डबा काढताना तिच्याकडे एकदा पाहायचे. नाणे बर्फावर दिसत असेल तर फ्रीझरमधले वितळले नव्हते. नाणे बर्फात बुडून तळाशी गेलेले दिसले तर मधे सगळे वितळून पुन्हा गोठले आहे, आणि त्या दिवशी आईंनी डबा न काढता तुम्हाला फोन करायचा.